बांधावरचा पाला

नागपूर,
२ जुलै २००६

प्रिय विमलकाकू,

तुम्हाला आणि काकांना कशफचा सलाम.

परवा तुमची एसटी निघाली तेव्हा काका खिडकीतून जे ओरडले, ते आठवून अजून हसू येतं. "पाय शाबूत राह्यला तं तुह्या लग्नात नाचीन, नाही तं बसून जेवीन!" अख्खं स्टँड माझ्याकडे बघत होतं. त्या गडबडीत दवाखान्यातल्या गोष्टी नीट सांगायच्या राहिल्या, म्हणून हे पत्र. फोन तुम्हाला आवडत नाही, आणि चिंचखेडचा फोन तसाही पावसात मुका होतो.

यवतमाळला गुडघ्याखाली पाय कापायला सांगितलं होतं. शेतातलं कपाशीचं, पऱ्हाटीचं धसकट टाचेत घुसलं, शुगरमुळे जखम भरेना, आणि सडलेलं काढता काढता ती पोटरीपर्यंत गेली. इथल्या सर्जनने दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर जखम भरत आली तर पाय राहील. नाही भरली तर तेही कापाच म्हणतील. हे काकांसमोर बोलता आलं नाही, तुम्हाला मात्र माहीत हवं.

डब्यात दिलंय ते मलम नाही, जेल आहे. आमच्या फार्मसी कॉलेजातल्या मॅडम आणि आम्ही तीन मुली ते करतो. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली एक भुकटी पाण्यात फुगवायची आणि त्यात वनस्पतीचा अर्क मिसळायचा. जवळजवळ सगळं पाणीच असतं. जखम त्याच्याखाली ओलसर राहते, म्हणून कडेची नवी कातडी हळूहळू आत सरकू शकते. कोरड्या खपलीखाली तिला वाट सापडत नाही. उंदरांवर झालं, आता परवानगी घेऊन दवाखान्यातल्या काही रुग्णांवर चाललंय, आणि काका त्यातले एक आहेत. रोज एकदा, उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन, पातळ थर लावायचा. डबा मात्र गार राहिलाच पाहिजे. जेल खराब झालं की त्या रुग्णाचं नाव अभ्यासातून कमी करतात, म्हणून सांभाळा.

काका कुरकुर करतील. तसं झालं तर सांगा, हे दुसरंतिसरं काही नाही, आपली कंबरमोडीच आहे. मी सायकलवरून पडले होते तेव्हा काकांनी गुडघ्यावर चोळली होती, तीच. यात अर्क तिचाच आहे, खरंच.

जखमेची खबर पत्राने कळवत राहा. मॅडमनाही वाचून दाखवीन. अब्बा दुकानातच असतात, काही लागलं तर दिग्रसला निरोप धाडा.

तुमची,
कशफ

---

चिंचखेड, ता. दिग्रस
१८ जुलै २००६

चि. कशफ हिला विमलकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि डब्यालाही जागा मिळाली. फ्रीज आपल्याकडे नाही, आणि असता तरी लाइट कुठे आहे? आली की आम्ही तिच्याकडे पाहुणीसारखं बघतो. माठाखाली रेती असते ना, ती ओली ठेवते आणि डबा तिच्यात गळ्यापर्यंत पुरते. बर्फासारखा नाही, पण गार राहतो.

तुझ्या काकांना जेल दाखवलं तर म्हणाले, "हे तं गार झालेली साबुदान्याची खीर हाय. पायाले कायले लावतं, वाटीत दे." मग तुझी युक्ती चालवली. कंबरमोडी म्हटल्याबरोबर पाय पुढे केला. "मंग आधी काहून नाही सांगतलं? शकीलभाऊची पोरगी नागपूरले जाऊन आपलाच पाला आपल्याले पाठवून राह्यली!" आता रोज सकाळी पाय पाटावर ठेवून बसतात आणि मला हुकूम सोडतात. नवरा लग्नात जितका रुबाबात बसला नव्हता तितका आता बसतो.

बाया बघायला येतात. सगळ्यांचं एकच म्हणणं, जखम ओली काय ठेवता, ती वाळली पाहिजे. तांड्यावरची रुपीबाई तर कापूस जाळून राख घेऊन आली, जखमेत भरा म्हणे. तिचा मुलगा देवसिंग आपल्याकडे फवारणीला असतो, तिचं मन मोडवत नाही. मी म्हटलं, "आमची डॉक्टरीन नागपुरात हाय, तिले इचारल्याबिगर राखेचा कन नाही." तू डॉक्टर नाहीस हे मला माहीत आहे. तिला कशाला सांगू?

एक विचारते, हसू नको. दवाखान्यात तू सांगत होतीस की तुम्ही पाला तीन पाण्यांनी धुता, वाळवता, भुकटी करता. मग त्यात उरतं काय गं? आमच्या आईकडे रीत होती. औषधाचा पाला सकाळी दव असताना हाताने खुडायचा, विळा लावायचा नाही, आणि पाणी तर मुळीच लावायचं नाही. पाणी लागलं की गुण उतरतो. आईने असा पाला बांधून अख्ख्या गावाचे घाव भरले.

जखमेची खबर अशी की वास गेला. कडेने डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग आलाय. मी कोणाला बोलले नाही, नजर लागते.

तुझी,
विमलकाकू

---

नागपूर,
२७ जुलै २००६

प्रिय काकू,

डाळिंबाचा रंग! तुम्हाला कल्पना नाही हे वाक्य किती मोठं आहे. मी पत्र घेऊन धावत मॅडमकडे गेले. तो नव्या मांसाचा रंग, आता त्याच्यावरून कातडी सरकेल. मॅडम म्हणाल्या, आपल्या यादीतला कोणी रुग्ण असं लिहीत नाही, सगळे 'ठीक आहे' एवढंच सांगतात.

पाला धुण्याचंही त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काकूंना सांग, तुमची रीत चुकीची नाही, आम्हाला फक्त माती आणि किडे नको असतात. तेव्हा दोघींचंही खरं. आईंचा पाला गावापुरता, आमचा डब्यात भरून सगळीकडे जाणारा.

माठाखालची रेतीही त्यांना आवडली. पण ऊन-पाऊस बघून डब्याचा वास घेत जा. आंबूस वाटलं तर लगेच कळवा.

अम्मी गेल्यावर तुम्ही माझ्या वेण्या घालायच्यात, तेव्हा आमचं बिऱ्हाड चिंचखेडला तुमच्या शेजारी होतं आणि रजत चिडवायचा की आई तुझी की माझी. काकांचा पाय माझ्या हातून वाचला तर त्याला सांगा, वेण्यांचं फिटलं.

तुमची,
कशफ

---

चिंचखेड,
२६ ऑगस्ट २००६

चि. कशफ,

पत्राला उशीर झाला. पावसाने नुसता धिंगाणा घातला होता. नाल्याला पूर, एसटी बंद, पोस्टमन आला नाही आणि आमचा पोळाही चिखलात झाला. तुझे काका बैलांना ओवाळायला काठी टेकत अंगणापर्यंत गेले. माझा जीव खालीवर. पण बैलांनी त्यांना ओळखलं आणि मान पुढे केली, तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही थोडी रडून घेतली.

जखम आता विड्याच्या पानाएवढी उरली आहे. पोटरीचं सगळं भरलं, टाचेच्या वरचं तेवढं राहिलंय. औषध मी दिवसातून तीनदा लावते. पाय हिरवागार दिसतो, त्यावरून हे म्हणतात, "पऱ्हाटीले पाते-फुलं लागले, आता माह्या पायालेही लागतीन."

डब्याची काळजी करू नको, सगळं व्यवस्थित आहे. तुझ्या मॅडमना सांग की काकूचा रुग्ण पहिल्या नंबराने पास होणार. आमचं नाव मात्र यादीतून काढू देऊ नको.

कंबरमोडी यंदा मोप उगवली आहे. विहिरीजवळची बकऱ्यांनी खाल्ली, पण शेताच्या बांधावर नुसती पिवळी फुलं फुलं. जाता येता तुझी आठवण येते.

विमलकाकू

---

नागपूर,
५ सप्टेंबर २००६

प्रिय काकू,

सर्जनना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, असंच राहिलं तर दसऱ्याला सुरी काढायची गरज नाही. काकू, मी तिथेच खुर्चीत बसून रडले. लोकांना वाटलं माझं कोणी गेलं.

जेलचा रंग इतका हिरवा कसा उतरतो याचं मला नवल वाटलं, पण अर्क गडद झाला असेल. तीनदा मात्र लावू नका, एकदाच पुरे. इथे पावसात नवीन खेपेला बुरशी लागली आणि सगळं फेकावं लागलं. दुसरी तयार व्हायला महिना जाईल. तुमच्याकडचा डबा तोवर पुरवून वापरा. बुरशीमुळे मॅडमवर चौकशी बसली आहे, रुग्णांकडचे डबे ठीक आहेत एवढाच आम्हाला आधार. तुमचा डबा ठीक आहे हे मी सगळ्यांना अभिमानाने सांगते.

एकोणतीस तारखेला मी येते. रमजान सुरू झालेला असेल, अब्बांकडे दोन दिवस आणि मग चिंचखेडला. काकांना म्हणावं, नाच शिकायला लागा.

कशफ

---

चिंचखेड,
१६ सप्टेंबर २००६

चि. कशफ,

तुझ्या मॅडमचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडून त्यांना त्रास होणार नाही, मी काळजी घेते.

शेतात सध्या फवारणीची धांदल आहे. तुडतुडे इतके की पानं वाकडी झाली. देवसिंग पंप पाठीवर घेऊन सकाळपासून उभा असतो. तुझ्या अब्बांनीच पंप दुरुस्त करून दिला. "बबनभाऊ, अब ये पंप तुमच्या आमच्याहून जास्त जगते," म्हणाले. हे आता काठीने शेतापर्यंत जातात आणि घाणेरी सोडून सगळ्या झाडाझुडपांची चौकशी करतात. जखम बोराएवढी राहिली आहे.

काल मात्र जरा बरं नव्हतं. घाम फार सुटला, तोंडाला पाणी सुटत होतं, डोळ्यांपुढे धूसर येतं म्हणाले. भादव्याचं ऊन, दुसरं काय! शुगर कमी झाली असेल म्हणून साखर खाऊ घातली. थोडं बरं वाटलं, आज पुन्हा तसंच. मी चिडले, की बांधावर उन्हात बसता कशाला. चिडले तेही मला लागून राहतं, पण यांच्याशी गोड बोलून कधी काम झालंय?

तू ये लवकर. तू आलीस की हे ऐकतात.

विमलकाकू

---

नागपूर,
२० सप्टेंबर २००६

प्रिय काकू,

पत्र आत्ता मिळालं. घाम, तोंडाला पाणी, धूसर दिसणं ही शुगर उतरल्याचीच लक्षणं वाटतात. जखम भरत आली की शरीराची गरज बदलते, गोळी जास्त होत असेल. दिग्रसच्या डॉक्टरांना दाखवून गोळी कमी करून घ्या. खिशात गुळाचा खडा असू द्या. घाबरू नका.

बोराएवढी! पाय वाचला, काकू. आता कोणी तो कापू शकत नाही.

कशफ

---

चिंचखेड,
५ नोव्हेंबर २००६

चि. कशफ,

तुझे काका गेल्यावर तू चार दिवस येऊन राहिलीस. नुसती माझ्या पाठीशी बसून राहिलीस. तेव्हा बरं वाटलं होतं. आता घर रिकामं झालं, रजत पुण्याला गेला, आणि जे कोणाशी बोलता येत नाही ते तुला लिहिते.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं शेवटचं पत्र आलं. पाय वाचला असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय, वाचवत नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "कोन्तं औषध पेले?" मी म्हटलं, शुगरची गोळी घेतात. तर ते म्हणाले, "तसं नाही बाई. फवारनीचं. घरात भांडन झालं होतं का?" आपल्या जिल्ह्यात कोणी माणूस फेस येऊन तडफडत आला की दुसरं काही विचारायची पद्धतच राहिली नाही. पोट धुतलं त्यात काही निघालं नाही, हेही डॉक्टर म्हणाले. पण बाहुल्या बारीक झाल्या होत्या, घामाला तो वास होता. जमादाराने लिहून घेतलं, विष प्राशन. मग पेपरवाले आले, पुढारी आले. मी सांगून थकले की आमच्यावर कर्ज नाही, कापूस दरसाल विकला जातो, तर एक म्हणाला, "मंग पायाले कंटाळले असतीन."

रजतही तेच म्हणाला. शब्द वेगळे होते. "आई, तुमचं काही झालं होतं का?"

झालं होतं, कशफ. त्याला सांगितलं नाही, तुला सांगते. त्या सकाळी पट्टी बांधताना हे पाय सारखा हलवत होते, हात थरथरत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या ह्या पायानं माहा जीव खाल्ला. एकडाव कापून टाकला असता तं बरं झालं असतं." हे काही बोलले नाहीत. काठी घेऊन शेतात गेले. दुपारी देवसिंग खांद्यावर घालून घेऊन आला.

पंप तिथेच होता, औषधाची बाटली तिथेच होती. देवसिंग म्हणतो मी पाहिलं नाही. इतकी वर्षं संसार केला. रजतच्या पाठची मुलगी गेली तेव्हा हा माणूस मोडला नाही, पाय सडला तेव्हा मोडला नाही. आणि माझ्या एका वाक्याने गेला. पाय भरला होता गं. भरल्या पायाने मला सोडून गेला.

लोक म्हणतात, रड, मोकळी हो. मला रडू येत नाही. मला त्यांचा राग येतो आणि मग माझी जीभ उपटून टाकावीशी वाटते. स्वयंपाक करते आणि खावंसं वाटत नाही. रुपीबाई भाकरी घेऊन येते आणि समोर बसून खायला लावते.

हे वाचून टाकून दे.

विमलकाकू

---

नागपूर,
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय काकू,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. हे पाठवते आहे ते फाडायची हिंमत उरली नाही म्हणून.

अब्बांना विचारलं, काकूंना सांगू का? ते म्हणाले, "मत बता बेटा. गेलेला मानूस येत नाही, राहिलेलीले कायले मारतं?" मी त्यांचं ऐकणार होते. मग तुमचं पत्र आलं. तुम्ही जे समजून बसला आहात ते खरं नाही, काकू. आणि जे खरं आहे तेही सोपं नाही. काकांनी विष घेतलं नाही. तुमच्या बोलण्याने ते गेले नाहीत.

तुमच्याकडे होते तेव्हा मी चहा करायला चुलीपाशी गेले आणि आमचा जेलचा डबा दिसला. त्यात जिरं भरलेलं होतं. डबा घासून इतका जुना झालेला की जेल त्यातून कधीच गेलं असावं. खिडकीखाली पाटा-वरवंटा होता, हिरवा झालेला, आणि शेजारी टोपलीत सुकलेली कंबरमोडी. तेव्हा मला तीनदा लावणं कळलं, हिरवा पाय कळला. पावसात जेल खराब झालं असणार, आणि नाव जाऊ नये, मॅडमना त्रास होऊ नये म्हणून तुम्ही सांगितलं नाही. जेलमध्ये हाच पाला आहे हे तर मीच सांगितलं होतं. तुम्ही तोच बांधत राहिलात. आणि खरं सांगते, त्याने जखम भरली. विहिरीजवळचा पाला होता तोवर तो औषधच होता.

त्या टोपलीतला मूठभर पाला मी तुम्हाला न विचारता ओढणीत बांधून आणला. इथे एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत तपासला. पानांवर फवारणीचं विष होतं, आणि थोडंथोडकं नव्हतं. अब्बांनी देवसिंगला गोडीत विचारलं. तो म्हणाला, रोज फवारून झालं की पंपात उरलेलं तो बांधावर ओततो, पिकावर जास्त पडू नये म्हणून. सगळेच तसं करतात. त्याला पाल्याचं ठाऊक नव्हतं, तुम्हाला ओतण्याचं ठाऊक नव्हतं. न धुतलेला तो पाला वाटून दिवसातून तीनदा उघड्या मांसावर बांधला गेला, आणि तिथून ते अंगात उतरत गेलं. पोटात काही निघालं नाही ते म्हणूनच. घाम, लाळ, धूसर नजर, थरथरणारे हात, सगळं त्याचंच होतं. तुम्ही मला लिहिलं होतंत. मी शुगर म्हणाले. या विद्येची विद्यार्थिनी असून मला ते दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे फक्त पाय होता.

काकू, आता तुम्ही म्हणाल की माझ्या हातून झालं. मी नाही म्हणू शकत नाही, तुम्हाला खोटं चालत नाही. पण त्यात माझं वाक्य आहे, मॅडमचं हसणं आहे, देवसिंगचा पंप आहे, सगळ्या गावाची रीत आहे. ते सगळं एकटीने उचलू नका.

मला रागवा, पत्र लिहू नका, काहीही करा. पण काका तुम्हाला सोडून गेले असं मनात ठेवू नका. आणि गावातल्या बायांना बांधावरचा पाला तोडू देऊ नका.

कशफ

---

चिंचखेड,
१४ डिसेंबर २००६

चि. कशफ,

तुझं पत्र वाचलं त्या दिवशी चूल पेटवली नाही. पहिल्यांदा तुझा राग आला. वाटलं, ही पोरगी मेली का नाही सायकलवरून पडली तेव्हा. असं मनात आलं हे तुला सांगते, कारण तूही माझ्यापासून काही लपवलं नाहीस. मग हात धुवायला बसले. राख लावून धुतले, माती लावून धुतले, कोपरापर्यंत. रुपीबाईने येऊन हात धरले तेव्हा थांबले.

तू ओळखलंस ते बरोबर आहे. डबा पोळ्याच्या आधीच आंबला होता. एवढ्या पुरात निरोप कोणाबरोबर देऊ, आणि तुझ्या अभ्यासात खोट कशाला पाडू, म्हणून गप्प राहिले. पाला वाटताना मला आनंद होत होता, कशफ. माझ्या आईची विद्या माझ्या नवऱ्याला उपयोगी पडते आहे असं वाटायचं. बांधावरचे ताजे ताजे शेंडे खुडायची, यांच्यासाठी चांगले निवडून.

मग रडू आलं. हे गेल्यानंतरचं पहिलं. दोन दिवस रडले. रुपीबाईला वाटलं माझं डोकं गेलं.

मग मी ठाण्यात गेले. देवसिंग सोबत होता, तोही वाटेत रडत होता, त्याला मी गप्प केलं. जमादाराला म्हटलं, "माह्या मानसानं औषध नाही घेतलं. मीच पायाले बांधलं, चुकून. तसं लिवा." तो म्हणाला, "बाई, कायले उकरून राह्यल्या? आहे तसं राहू द्या. तुमची सरकारी मदत बी बंद होईन, अन् उलटी चौकशी तुमच्यावर येईन." मी म्हटलं, येऊ द्या. त्याने साहेबांना विचारलं, साहेबांनी मला पाणी दिलं, बसवून घेतलं, आणि शेवटी लिहिलं. मी सही केली. त्यांनी वाचून दाखवलं तेव्हा मी मुद्दाम दुसऱ्यांदा ऐकलं.

रजतलाही कळवलं. तो फोनवर म्हणाला, आई मी येतो. येऊ दे.

गावात सांगत फिरते आहे. काही बाया ऐकतात, काही माझ्याकडे अशा बघतात की मीच आता विषाची झाले. त्यांच्या नजरेला मी काय करू? पण काल पुंडलिकरावांची सून बांधावर वाकलेली दिसली, लेकराच्या फोडासाठी पाला खुडत होती. मी लांबून ओरडले तशी तिने हातातला टाकून दिला.

तुझ्यावर राग नाही. होता, गेला. जेल करत राहा, इतर लोकांचे पाय आहेत.

आता शेवटचं. त्या सकाळचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. मी तो कडू शब्द बोलले, आणि हे काही बोलले नाहीत असं लिहिलं. बोलले होते. काठी घेऊन दारापर्यंत गेले, परत वळले आणि म्हणाले, "सैल झाली पट्टी, आणखीन एकडाव बांध. तुह्या हातानं बांधलं का ठनकत नाही." मी पुन्हा बांधली, ताजा पाला घालून. तुला लिहिताना ते वाक्य मी गाळलं होतं. जीव द्यायला निघालेला माणूस निरोप घेतल्यासारखं बोलला आणि मला कळलं नाही, असं वाटायचं, आणि ते सहन होत नव्हतं.

तो निरोप नव्हता. पट्टी सैल झाली होती, एवढंच होतं. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा पाय पाटावर ठेवायचा म्हणून ते शेतात गेले.

माझ्या हातून गेले, कशफ. पण माझ्यापासून गेले नाहीत. दोन्हींतलं एक सोसायचंच होतं, तर मला हेच सोसवतं.

विमलकाकू